वीरगळावरची मूठ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला तर नाहीच. देवळात एकटा उभा असतानाही मनातल्या मनात हे कधी पुरतं म्हटलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हालाही ती दुसरी गोष्ट ठाऊक असती — जी आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे, आणि जिच्यात मी शेवटी चांगला माणूस ठरतो.

आधी माझ्या हातांबद्दल सांगतो. माझा हात आधी उठतो आणि तोंड नंतर उघडतं. वडिलांचंही तसंच होतं. घरच्या बैलाला मी इतकं मारलंय की तो माझी चाहूल लागली तरी अंग चोरायचा. मुलाला एकदा शाळेच्या निकालावरून कानफटात ठेवून दिली, नाकातून रक्त आलं. तो रडला नाही, माझ्याकडं नुसता बघत राहिला. गावात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. उधारी बुडवणाऱ्याची गचांडी मी गिऱ्हाइकांसमोर धरतो. लोक म्हणतात, दत्ता तापट आहे, पण मनाचा साफ आहे. तापट माणसाला ही एक मोठी सोय असते — त्याचं सगळं ‘रागाच्या भरात’ म्हणून खपून जातं. माझंही गेलं.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. गावाच्या खालच्या अंगाला एक बारव आहे, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी जुनी दगडी विहीर. आम्ही लहान असताना तो गावाचा उकिरडा होता. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन नाना गावात परत आले आणि एके दिवशी एकटेच घमेलं-फावडं घेऊन त्या उकिरड्यात उतरले. लोक हसले. मीही हसलो. मग हसता हसता एकेक जण खाली उतरला, आणि त्यातून आमचं इतिहास मंडळ झालं. मंडळ म्हणजे काय — हौसेची दहा-पंधरा माणसं, दर रविवारी श्रमदान, आणि नानांचं बोलणं.

नाना बोलायचे फार. बारवेच्या काठावर एक वीरगळ उभा आहे, कमरेएवढा काळा दगड, लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा. गाव त्याला वीरदेव म्हणतं, शेंदूर फासतं आणि त्याच्यावर हात ठेवून शपथा घेतं. बांधाचं भांडण असो नाहीतर कोंबडी चोरीला गेलेली असो — ठेव हात वीरदेवावर! नानांना हे अजिबात खपत नसे. ते शेंदूर खरवडून काढायचे आणि येईल त्याला दगड वाचून दाखवायचे. “हे खाली बघा, गाई हायत. गाई पळवायला आलेल्यांसंगं ह्यो गडी लढतोय. मधी बघा, मेला. अप्सरा त्याला वर न्यायल्यात. वर बघा, पिंडीम्होरं बसलाय. देव न्हाय हो ह्यो. आपल्याच गावचा मानूस हाय, गाईपायी मेलेला. आन त्याच्या अंगावर हात ठिवून तुमी कोंबडीची शपथ घ्येता? म्या तर जिवावर बेतलं तरी घ्येनार न्हाय.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? शाळेची सहल आली की ऐकायचो, पाहुणे आले की ऐकायचो, कुणीच आलं नाही तरी ऐकायचो. आम्ही मंडळातले मागं उभं राहून त्यांची नक्कलही करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची.

मंडळाचे पैसे मी सांभाळायचो. मंडळाची नोंदणी नव्हती, त्यामुळं बँकेत खातं नव्हतं. जे होतं ते माझ्या दुकानातल्या एका पत्र्याच्या डब्यात आणि माझ्या डोक्यात. रोख देणारे थोडेच. खरी वर्गणी यायची ती सोयाबीनची रास झाल्यावर. प्रत्येक राशीतून एक घमेलं मंडळाचं, असा पायंडा नानांनीच पाडला होता. ते सगळं माझ्या गोदामात कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून ठेवायचं आणि भाव बरा आला की कळंबला आडतीवर नेऊन घालायचं.

आणि रविवारी श्रमदान आटोपलं की मी बारवेच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभा राहून हिशोब सांगायचो. तोंडी. कागदाला हात न लावता. कुणाचं घमेलं आलं, कुणाचं राहिलं, इंजिनच्या डिझेलला किती गेले, चहाला किती, कुदळीच्या दांड्याला किती — घडाघडा. लोक मुद्दाम अडवायचे. “दत्ताभाऊ, मागं दोरखंड आनला व्हता, त्याचं काय झालं?” माझ्या तोंडून आकडा बाहेर पडायला वेळ लागायचा नाही. टाळ्या पडायच्या. हसू नका. मला दुसरं काय येत होतं? शिक्षण जेमतेम, शेती भावाशी भांडण्यात गेलेली, दुकान उधारीत बुडालेलं. पण त्या पायरीवर मी उभा राहिलो की सगळे गप्प बसून ऐकायचे. दत्ता कधी विसरत नाही, असं आख्खं गाव म्हणायचं. मला त्याचा लई माज होता.

आता गावाला माहीत असलेली गोष्ट.

त्या वर्षी बारवेची एका बाजूची भिंत ढासळली. ती बांधायला नळदुर्गकडचा यल्लप्पा नावाचा मुकादम ठरवला. त्याची माणसं जुन्या धाटणीचं दगडकाम करतात. काम सुरू व्हायच्या आधी त्याला उचल द्यायची होती, म्हणजे आगाऊ पैसे. त्यासाठी साठलेलं सोयाबीन विकायचं ठरलं. आडतीवर मी जाणार होतो. पण त्या सकाळी माझ्या भावानं ट्रॅक्टर घालून आमच्या दोघांमधला बांध नांगरला, आणि मी कळंबला जायचं सोडून शेतात पळालो. कट्टे घेऊन टेम्पोतून नाना गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्रमदानाला नेहमीपेक्षा जास्त गर्दी, कारण भिंतीचं काम सुरू होणार याची सगळ्यांना उत्सुकता. मी पायरीवर उभा राहून कट्टे सांगितले, भाव सांगितला, हमाली-तोलाई वजा केली आणि किती पैसे आले असतील ते मोठ्यानं जाहीर केलं. नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. मग नानांनी रुमालात बांधलेले पैसे माझ्या हातात दिले. मी सगळ्यांदेखत मोजले. निम्मेच भरले.

“नाना, बाकीचे?”

“येवढंच दिलं बाबा मुनीमानं.”

“येवढंच कसं? कट्टे काय उंदरांनी खाल्ले?”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “कंडक्टरच की शेवटी! सुट्टं परत द्यायची सवय न्हाय!” आणखी हशा झाला. नानासुद्धा जरासे हसले. गंमत चाललीय असंच त्यांना वाटत होतं. मग ते म्हणाले, “आरं, आडत्या जाग्यावर न्हवता, मुनीमालाच म्या इचारलं. त्यो म्हनला, बाकीचं दत्ताभाऊला ठावं हाय. तूच सांग की आता.”

मी म्हणालो, मला काहीच ठाऊक नाही.

हसणं थांबलं. पैशाचा संशय एकदा तोंडावर आला की माणसं कशी बघायला लागतात ते तुम्हाला माहीत असेल. एकानं म्हटलं, आडतीवर फोन लावा की. मी म्हणालो, फोन कशाला? फोनवर कुणीही काहीही सांगतं. वीरदेव समोर उभा आहे. नाना, ठेवा त्याच्यावर हात आणि सांगा, पैसे घेतले नाहीत म्हणून.

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “दत्ता, तुला ठावं हाय, म्या ह्याच्यावर हात ठिवनार न्हाय.”

बस्स. तेवढंच पुरलं. निर्दोष माणूस शपथेला कशाला भितो? एकजण म्हणाला, दुसरा म्हणाला, आणि माझा हात उठला. पहिला फटका त्यांच्या उजव्या कानावर बसला. चष्मा उडून पायऱ्यांवरून खडखडत खाली गेला. नाना तोल जाऊन पायरीच्या कडेवर पडले आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. मी त्यांना उचललं आणि परत त्याच कानावर मारलं. मग मंडळातली पोरं उतरली. कुणी पाठीत लाथ घातली, कुणी सदरा फाडला, एकानं कुदळीच्या दांड्यानं मांड्यांवर मारलं. ज्या पोरांना नानांनी त्या दगडावरच्या गाई दाखवल्या होत्या, तीच पोरं.

मी नानांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत वीरगळापाशी नेलं. म्हटलं, ठेवत नाही ना, मी ठेवतो. त्यांनी मूठ आवळली. तळहात दगडाला लागू द्यायचा नाही म्हणून मूठ आवळली हो, साठी उलटलेल्या माणसानं! मी ती मूठ दगडावर आपटली. उघड, म्हणालो. परत आपटली. उघड. त्या लढणाऱ्या गड्याच्या अंगावर, त्या गाईंवर नानांचं रक्त लागलं. बोटं मोडल्याचं मला हाताला कळलं. मूठ उघडली नाही.

थांबवलं ते काकूंनी. नानांची बायको. रविवारी श्रमदानाला भाकरी आणि ठेचा त्यांच्याच घरून यायचा. डोक्यावरची पाटी त्यांनी तशीच भिरकावली आणि नानांवर पालथ्या पडल्या. “मार,” म्हणाल्या, “म्या चोराची बायकू हाय न्हवं? मला बी मार.” भाकरी चिखलात पडल्या होत्या. मी मागं सरलो.

नानांना धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी बारवेच्या पायऱ्यांवरून घसरलो असं सांगितलं. पोलिसात कुणी गेलं नाही. मंडळ बंद पडल्यात जमा झालं. पुढचे काही दिवस गावात नानांना सगळे चोर म्हणत होते. चहाच्या टपरीवर मीही म्हणालो. आणि मग एका सकाळी यल्लप्पा आपली माणसं, छिन्न्या, हातोडे घेऊन टेम्पोतून बारवेवर हजर झाला. मी तिथंच होतो, चारचौघं होते. तो हसत म्हणाला, “उचल पावली मालक. लई उपकार झाले. आडतीवरच दिली बगा, तुमच्या सांगन्यावरून.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणालो, अरे देवा, आडत्याचा फोन आला होता, मीच त्याला द्यायला सांगितलं होतं, बांधाच्या भांडणात साफ डोक्यातून गेलं! आणि तसाच पळत नानांच्या घरी गेलो. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. दारात गाव गोळा झालं होतं. मी रडलो. नानांनी पट्ट्यात बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “तुज्या ध्यानात न्हवतं, त्याला तू तरी काय करशील? चुकी व्हती मानसाची. ऊठ.”

ही ती गोष्ट. गावात ही आजही सांगतात. शाळेतल्या एका कार्यक्रमात गुरुजींनी मुलांना ती सांगितली — चूक कुणाच्याही हातून होते, पण भर गावात पाय धरायला मोठं मन लागतं. मला शाल दिली. मी ती घेतली. नाना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, म्हणजे डावा हात मांडीवर आपटत होते, कारण उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

आता त्या गोष्टीत जे नाही ते.

शनिवारी सकाळी शेतात मी भावाच्या ट्रॅक्टरचा दिवा दगडानं फोडला. त्यानं मला तोंडावर काठी मारली. मी त्याला सरीत पाडून त्याच्या छातीवर बसलो होतो आणि त्याचा गळा माझ्या हातात होता, तेव्हा खिशातला फोन वाजला. वाजतच राहिला. मी एका हातानं तो कानाला लावला. तोंडात रक्ताची चव होती. आडत्या विचारत होता, यल्लप्पा मुकादम बाजाराला आलाय, उचल मागतोय, तुमच्या मालाच्या पैशातून इथंच देऊन टाकू का? मी ओरडलो, दे त्याला काय द्यायचं ते, माझं डोकं खाऊ नको! फोन फेकला आणि परत भावाकडं वळलो. मग खरंच विसरलो. इथपर्यंत गावाची गोष्ट खरी आहे.

रविवारी पायरीवर उभा राहून मी आकडा जाहीर केला तेव्हाही मला आठवत नव्हतं. रुमालातले पैसे कमी भरले तेव्हाही नाही. पण नाना म्हणाले ना — “बाकीचं दत्ताभाऊला ठावं हाय. तूच सांग की आता.”

तेव्हा आठवलं.

सगळं आठवलं. सरी, रक्त, फोन, आडत्याचा आवाज. नानांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आठवलं. अजून कुणी कुणाला हात लावलेला नव्हता. चष्मा नानांच्या डोळ्यांवर होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — अरे हो, माझ्या लक्षातच राहिलं नाही. लोक हसले असते. दोन-चार रविवार चिडवलं असतं. दत्ता विसरला, दत्ता विसरला! बस, एवढंच झालं असतं.

तेवढं मला सोसलं नाही. नुकताच मी आकडा फेकून टाळ्या घेतल्या होत्या. त्याच पायरीवर, त्याच लोकांपुढं म्हणायचं की मी विसरलो? मी म्हणालो, मला काहीच ठाऊक नाही. हे खोटं बोलायला मला काही त्रास झाला नाही, हेही सांगून टाकतो. अगदी सहज तोंडातून गेलं.

आणि मग कुणीतरी म्हणालं, फोन लावा. माझा फोन माझ्या खिशात होता. तो लावला असता तर सगळं उघडं पडलं असतं — मी विसरलो तेही, आणि आत्ता खोटं बोललो तेही. मला फोन टाळायचा होता. म्हणून मी वीरदेव काढला. रागाच्या भरात काढला का? नाही. त्या वेळी मला राग आलेलाच नव्हता. जन्मात मी इतका थंड कधी नव्हतो. नाना त्या दगडावर हात ठेवणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांची नक्कल करायचो ना! सगळ्या गावात त्यांचा तो हट्ट माझ्याइतका कुणाला पाठ नव्हता. त्यांनी शपथ घेतली असती तर गावानं विश्वास ठेवला असता आणि कुणीतरी फोन लावलाच असता. म्हणून मी अशी गोष्ट मागितली जी ते जिवावर बेतलं तरी देणार नव्हते. त्यांची सगळ्यांत चांगली बाजू मी हत्यारासारखी वापरली.

“तुला ठावं हाय,” असं ते म्हणाले. त्यांना शपथेबद्दल म्हणायचं होतं. पण माझ्याकडं बघत म्हणाले, आणि मला वाटलं, ह्यांना कळलं. त्याक्षणी मी मारलं. गाव म्हणतं मी गैरसमजातून मारलं. मी मारलं ते त्यांचं तोंड बंद करायला. आणि मारायला लागल्यावर मला राग आला — खराखुरा, लालभडक राग. हा माणूस खोटा असता तर किती बरं झालं असतं, या गोष्टीचा राग! म्हणून मी मूठ आपटली. ती उघडली असती, तळहात एकदा दगडाला टेकला असता, तर ते माझ्यासारखेच झाले असते. मला ते हवं होतं. ती उघडली नाही म्हणून परत आपटली.

त्यानंतरचे दिवस मी काय केलं? दुकान उघडलं. खत विकलं. दवाखान्यात एकदाही गेलो नाही. यल्लप्पा येणार हे मला माहीत होतं, आणि तो येऊ नये, त्याचा टेम्पो कुठं तरी उलटावा, असंही एका रात्री मनात आलं. त्याच्याबरोबर त्याची बायकामाणसं असतात हे माहीत असून आलं. तो आल्यावर कपाळावर मारून घेतलेला हात मी आदल्या दिवशी न्हाणीघरात मारून बघितला होता. हेही गोष्टीत नाही.

रडलो ते मात्र खरं रडलो. पण कशासाठी? सुटलो म्हणून.

मंडळ परत सुरू झालं. भिंत उभी राहिली, चांगली राहिली. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, खजिनदार दुसरा नेमू. नाना म्हणाले, “हिशोब दत्ताच बघंल. त्यानं काय चोरी केली व्हय?” विषय तिथंच मिटला. अजूनही रविवारी मी वरच्या पायरीवर उभा राहतो आणि हिशोब सांगतो, तोंडी, कागदाला हात न लावता. नाना कान देऊन ऐकतात. उजवा कान कायमचा गेला, म्हणून ते माझ्या बाजूला डावा कान करून बसतात.

काकूंनी मला माफ केलेलं नाही. घरी गेलो तर चहा माझ्या हातात देत नाहीत, जमिनीवर ठेवून आत जातात. नाना हसून म्हणतात, “सोड रं, बायामानसांचा राग लई दिस ऱ्हातो.” काकूंना काही माहीत नाही. माहीत नसून त्या बरोबर आहेत, आणि नानांचं मन एवढं मोठं असून ते चुकतायत. त्यांनी जी माफ केली ती चूक माझ्या हातून झालेलीच नव्हती. जे मी केलं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

एकदा पोचवायला गेलो होतो. या उन्हाळ्यात बारवेतलं पाणी उपसायला डिझेल इंजिन लावलं होतं. त्याचा दणदणाट चाललेला. नाना आणि मी वरच्या पायरीवर उभे होतो, तिथंच, आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला होतो. मुद्दाम होतो. मी तोंड त्यांच्या त्या मेलेल्या कानाजवळ नेलं आणि बोललो. नाना, मला आठवलं होतं. तुम्ही बोलताबोलताच आठवलं होतं. मला माहीत होतं तुम्ही शपथ घेणार नाही, म्हणूनच मागितली. माहीत असून मारलं.

एवढं सगळं बोललो. इंजिन चालूच होतं. नानांना मानेवर श्वास लागला असेल. ते वळले, डावा कान माझ्याकडं केला आणि ओरडले, “काय म्हनलास?”

त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता. ते हसत होते.

“पायरी वली हाय, म्हनलं,” मी ओरडलो. “जपून उतरा.”

“व्हय, व्हय,” म्हणत त्यांनी ती दोन वाकडी बोटं माझ्या खांद्यावर टेकवली आणि माझ्या आधारानं एकेक पाय जपून टाकत ते खाली उतरायला लागले.

पायरी कोरडी होती.